तहानेची मोहीम : अशुरबनिपालाची फौज आणि वाळवंटातले उंटस्वार

इ.स.पू. ६४५ च्या आसपासची गोष्ट. अश्शूर (आजचा उत्तर इराक) या राज्याचा राजा अशुरबनिपाल याची फौज सिमानू महिन्याच्या २५ तारखेला हदत्ता या ठाण्यावरून निघाली आणि सिरियाच्या वाळवंटात शिरली. बॅबिलोनी पंचांगातले वर्ष आपल्यासारखेच वसंतात सुरू होई आणि सिमानू हा त्यातला तिसरा महिना. म्हणजे ज्येष्ठाची अखेर, जूनचा सुमार. या मुलुखात त्यानंतर तीन-चार महिने पावसाचा थेंब पडत नाही.

समोर उंटावर बसून लढणारे अरब होते. केदार आणि नबायात या टोळ्या आणि अतरसमैन दैवताला मानणारा जमाव. वाळवंट त्यांचे घर होते आणि उंट त्यांच्याकडे हजारोंनी होते. अश्शुरी फौजेची ताकद घोडदळ, रथ आणि पायदळ यांत होती. अशा फौजेने वाळवंटात उतरायचे ठरवले तर हिवाळा निवडावा, हे कोणीही सांगेल. मग ऐन उन्हाळ्यात ही स्वारी का? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की प्राचीन काळातला उंटस्वार नेमका किती बलवान होता आणि कुठे लंगडा पडत होता, हे उलगडते.

या मोहिमेची माहिती तीन ठिकाणी मिळते. पहिला आधार राजाच्या नावाने कोरलेला मातीचा दहा बाजूंचा स्तंभ. होर्मुझ्द रस्साम यांना तो १८५४ मध्ये अश्शूरची राजधानी निनेव्हे इथल्या उत्तर राजवाड्यात सापडला. दुसरा आधार त्याच राजवाड्यातली भिंतीवरची शिल्पे, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिसरा आधार सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांची पत्रे. पहिले दोन्ही आधार विजेत्याचे आहेत. त्यांत शत्रू नेहमी पळतो आणि राजाचा एकही माणूस मरत नाही. शिवाय स्तंभावरच्या मजकुरात उएते नावाच्या दोन वेगळ्या अरब राजांच्या कहाण्या, हजाएलच्या मुलाची आणि बिरदादाच्या मुलाची, एकमेकींत मिसळल्या आहेत. तरीही मुक्कामांची नावे, तारखा आणि पाण्याच्या जागा या मजकुरात इतक्या बारकाईने आल्या आहेत की मोहिमेचा सांगाडा भरवशाचा वाटतो. बढाई मारणाऱ्याला नऊ पाणवठ्यांची नावे देण्याची गरज नसते.

उंटावरचा शिपाई

मराठी वाचकाला उंट आणि लढाई म्हटले की पेशवाईतले सांडणीस्वार आठवतात, नाहीतर पानिपतावर अब्दालीने उंटांच्या पाठीवरून डागलेली जंबुरके. तो काळ बारूदीचा. अशुरबनिपालाच्या काळचा उंटस्वार धनुष्यावर लढायचा आणि बसायला त्याच्याखाली उशीसारखे, पट्ट्यांनी आवळलेले खोगीर असायचे. रिकीब तेव्हा कुठेच नव्हती, ना घोड्याला, ना उंटाला.

निनेव्हेच्या शिल्पांत एकेका उंटावर दोन-दोन माणसे दिसतात. पुढचा हातातल्या काठीने उंट हाकतो, मागचा वळून पाठलागावर असलेल्या अश्शुरी स्वारांवर बाण सोडतो. अंगावर चिलखत नाही, डोक्याला शिरस्त्राण नाही, कमरेला फक्त आखूड वस्त्र. शिल्पकाराने शत्रूला दुबळे दाखवले असणार, यात शंका नाही. पण दोन माणसांची ही जोडी त्याने मनाने रचलेली वाटत नाही. उंट हाकणे आणि धनुष्य ओढणे ही दोन्ही कामे त्या खोगिरावर एकट्याला झेपणारी नव्हती. वशिंडावर घट्ट बसणारे लाकडी सांगाड्याचे पालाण पुढच्या काही शतकांत आले. त्याने स्वाराला स्थिर बैठक मिळाली आणि भाला-तलवार चालवणे शक्य झाले. अशुरबनिपालासमोरच्या अरबांकडे ते नव्हते.

म्हणजे समोरासमोरच्या लढाईत हा शिपाई कमकुवतच. उंच बसल्यामुळे त्याच्यावर नेम धरणे सोपे, एका बाणाने उंट कोसळला की दोन माणसे निकामी. थोड्या अंतराच्या दौडीत घोडा उंटाला सहज गाठतो. उंटाच्या वासाने घोडे बुजतात, हे खरे. पुढे इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरसने सार्डिसजवळ ओझ्याचे उंट मोकळे करून त्यांवर स्वार बसवले, तेव्हा लिडियाचे (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले राज्य) नावाजलेले घोडदळ मागे फिरले, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. पण लिडियाच्या घोड्यांनी उंट पाहिलेले नव्हते. अश्शुरी घोड्यांचे तसे नव्हते. कार्कारच्या लढाईत, इ.स.पू. ८५३ मध्ये, गिंदिबू नावाचा अरब १,००० उंट घेऊन अश्शूरविरुद्ध उभा राहिला होता. त्यानंतरची दोनशे वर्षे खंडणीत आणि लुटीत उंट निनेव्हेकडे येतच राहिले. तिग्लथ-पिलेसर तिसरा याने शम्सी या अरब राणीकडून ३०,००० उंट नेल्याचा दावा केला आहे. आकडा फुगवलेला धरला तरी अश्शुरी छावणीत उंट ही रोजची गोष्ट झाली होती.

मग हा शिपाई धोकादायक कशामुळे होता? तो अचानक येऊन लुटून जाऊ शकत होता, आणि जिथे जाई तिथे त्याच्या मागे जाणे दुसऱ्याला परवडत नव्हते. सरहद्दीवरच्या एका पत्रात नबायातांच्या मुलुखातून निघालेल्या तांड्यावर हल्ला झाल्याची बातमी आहे. तांडा कापला गेला आणि एकच माणूस निसटून आला. हल्लेखोर कुठे गेले, हे माहीत असूनही काही उपयोग नव्हता.

पाण्याचा हिशेब मांडला की हे लगेच पटते. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला ३० ते ५० लिटर पाणी लागते. समजा, १,००० घोडे आणि ५,००० माणसे वाळवंटात उतरली. घोड्याला ४० आणि माणसाला ५ लिटर धरले तर एका दिवसाला ६५,००० लिटर पाणी हवे. पखाली वाहणाऱ्या उंटावर १५० लिटर लादले तरी फक्त एका दिवसाच्या पाण्यासाठी सव्वाचारशेहून जास्त उंट लागतात. दोन विहिरींमध्ये तीन दिवसांची मजल असेल तर ही फौज पोचतच नाही. याउलट उंट स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतके पाणी गमावूनही चालत राहतो आणि पाणवठ्यावर आला की काही मिनिटांत शंभर लिटर पिऊन पूर्ववत होतो. दिवसा त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ शकते. ते घामाने उतरवण्याऐवजी तो रात्रीच्या गारव्याची वाट पाहतो आणि पाणी वाचवतो. हिवाळ्यात आणि वसंतात वाळवंटात हिरवा चारा उगवतो. तेव्हा उंटाला कित्येक आठवडे पाणी दाखवले नाही तरी चालते, कारण चाऱ्यातच ओलावा असतो. माणसे उंटिणीच्या दुधावर राहतात. त्या दिवसांत उंटस्वाराची टोळी विहिरींपासून मोकळी असते. तिला शोधणार कुठे आणि गाठणार कसे?

उन्हाळ्यात मात्र ही मोकळीक संपते. चारा वाळतो, उंटांना तीन-पाच दिवसांनी पाणी पाजावे लागते, शेळ्या-मेंढ्यांना तर त्याहून लवकर. दूध आटते. सगळी टोळी बायकामुलांसकट बारमाही विहिरींभोवती गोळा होते. एकटा स्वार उन्हाळ्यातही निसटू शकतो, पण त्याचे घर निसटू शकत नाही. अश्शुरी सेनापतींना हे ठाऊक होते, असे माझे ठाम मत आहे. ज्या सरकारने दोनशे वर्षे या लोकांकडून खंडणी वसूल केली, त्यांच्या चराईवर अंमलदार नेमले, त्याला त्यांचे वर्षभराचे वेळापत्रक माहीत नसेल हे पटत नाही.

भांडण कशाचे होते

अरबांशी अश्शूरचे वैर कायमचे नव्हते. अशुरबनिपालाचा बाप एसरहद्दोन इ.स.पू. ६७१ मध्ये इजिप्तवर गेला, तेव्हा सिनाईचे वाळवंट ओलांडायला त्याने अरब राजांचेच उंट आणि पखाली घेतल्या होत्या. दक्षिण अरबस्तानातून ऊद-लोबानाचे तांडे येत. त्या वाटा अरबांच्या हातात होत्या आणि त्यांवरचा फायदा दोघांनाही हवा होता.

बिघडले ते अशुरबनिपालाच्या घरातल्या यादवीत. त्याचा भाऊ शमश-शुम-उकीन बॅबिलोनच्या गादीवर होता. त्याने इ.स.पू. ६५२ मध्ये बंड केले आणि चहूकडून मदत मागवली. तेरीचे मुलगे अबियते आणि अयामू आपले अरब घेऊन बॅबिलोनला गेले. मला या प्रकरणातला हा फार मोठा चुकीचा निर्णय वाटतो. वेढा पडला आणि वाळवंटातले स्वार तटाच्या आत कोंडले गेले. उंटाचा जो एक गुण त्यांना वाचवत होता, दूर निघून जाण्याचा, तो वेढ्यात निरुपयोगी होता. उपासमारीने त्यांनी माणसाचे मांस खाल्ले, असे स्तंभावर लिहिले आहे. इ.स.पू. ६४८ मध्ये बॅबिलोन पडले. अबियते निनेव्हेला येऊन राजाच्या पायाशी लोळला. अशुरबनिपालाने त्याला शपथ घ्यायला लावून उएतेच्या जागी अरबांचा राजा केले आणि सोने, सुरमा, उंट, गाढवे अशी वर्षाची खंडणी ठरवून दिली.

ही शपथ अबियतेने मोडली. नबायातांचा राजा नतनू याच्याशी त्याने हातमिळवणी केली आणि सरहद्दीवरच्या वस्त्यांवर धाडी सुरू झाल्या. नतनूचा मुलूख इतका लांब होता की तिथून कधी काळी दूतही आला नव्हता, असे राजाच म्हणतो. अबियतेचा हिशेब बहुधा हाच असावा की इतक्या आत कोणी येणार नाही.

मोहीम

फौजेने तैग्रिस आणि युफ्रेतिस पुरात ओलांडल्या. पुढे काटेरी झाडोरा, मग उघडे वाळवंट. राजाच्या शब्दांत, जिथे आकाशातला पक्षी उडत नाही, जिथे रानगाढव आणि हरीण चरत नाही. निनेव्हेपासून हे १०० बेरू दूर असल्याचे तो सांगतो. बेरू म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटर, तेव्हा हे अंतर हजार किलोमीटरच्या वर जाते. प्रत्यक्षात ज्या भागात ही मोहीम झाली तो निनेव्हेपासून सरळ रेषेत याच्या निम्म्याच्या आसपास येतो.

मुक्कामांची यादी मात्र वाचण्यासारखी आहे. पहिला मुक्काम लरिब्दा. तिथे दगडी गढी होती आणि पाण्याच्या टाक्या होत्या. फौजेने पाणी भरले आणि हुरारिनाकडे निघाली. यार्की आणि अझल्ला यांच्या मध्ये पहिली गाठ पडली. इसम्मे नावाची टोळी, अतरसमैनाचा जमाव आणि नबायात यांचा तिथे पराभव झाला. माणसे, गाढवे, उंट, मेंढ्या हाती लागल्या. लढाईच्या वर्णनाला मजकुरात एक-दोन ओळी. त्यानंतर मात्र असे नोंदवले आहे की फौज ८ बेरू फिरून अझल्लाला परतली आणि तिथे पोटभर पाणी प्याली. राजाच्या विजयलेखात सैनिक पोटभर पाणी प्याले ही गोष्ट मुद्दाम कोरावीशी वाटणे, यातच सारे आले.

अझल्लापासून कुरासिती ६ बेरू, म्हणजे ६५ किलोमीटर, तहानेची वाट. तिथे बिरदादाचा मुलगा उएते याच्या केदारांना घेरले. त्याचे देव, आई, बहिणी, बायको, सगळे नातेवाईक पकडून दमास्कसच्या वाटेला लावले. उएते स्वतः त्या वेळी निसटला. या क्रमाकडे लक्ष द्यावे. फौज स्वारांच्या मागे धावत नाही. ती एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जाते आणि तिथे जे कुटुंबकबिले, जनावरे आणि मूर्ती सापडतात त्या उचलते. राजवाड्याच्या शिल्पांतही उंटांच्या पाठलागाशेजारी जळणाऱ्या राहुट्या आहेत आणि त्यांत मरून पडलेली माणसे आहेत. ती शिल्पे पाहायला लोक उंटांसाठी जातात. माझी नजर त्या राहुट्यांवर अडकते, कारण मोहिमेचा खरा मारा तिथे होता.

हुक्कुरिनाचा सापळा

अबू महिन्याच्या ३ तारखेला, म्हणजे निघाल्यापासून पाच आठवडे उलटल्यावर, फौज दमास्कसहून बाहेर पडली. रात्रभर कूच करून ६ बेरूंवरच्या हुल्हुलितीला पोचली. समोर हुक्कुरिना डोंगर. अभ्यासकांच्या मते हा दमास्कसच्या दक्षिणेचा आजचा लजा, लाव्हाचे थिजलेले पठार. आपल्या दख्खनसारखाच बसॉल्ट, पण सह्याद्रीला जसे माती आणि झाडीने मऊ केले आहे तसे इथे झालेले नाही. भेगा, सुळके, धारदार काळे दगड आणि त्यांतून वाटाड्यालाच माहीत असलेल्या पायवाटा.

पळालेल्यांनी ही जागा निवडली, ते घोडदळापासून वाचायला. निवड मूर्खपणाची नव्हती. फार पुढच्या काळात, १८३८ मध्ये, इजिप्तच्या इब्राहिम पाशाच्या फौजेला द्रूझ बंडखोरांनी याच लजात महिनोन्‌महिने झुंजवले. पण उंटस्वारासाठी इथे दोन अडचणी होत्या. उंटाचा तळवा मऊ, गादीसारखा असतो. वाळूत तो पसरतो आणि रुतत नाही, पण टोकदार दगडांनी फाटतो. दुसरी अडचण जास्त गंभीर. लाव्हाच्या पठारावर पाणी मोजक्याच ठिकाणी मिळते, बहुतेक कडेला. वाळवंटात शत्रूला पाण्यापासून दूर ठेवणारे लोक आता स्वतःच पाण्यापासून दूर जाऊन बसले.

अश्शुरी फौज डोंगरात शिरायच्या फंदात पडली नाही. अबियते आणि अयामू तिच्या हाती जिवंत लागले. बाकीच्यांसाठी तिने मन्हब्बी, अप्परू, तेनुकुरी, झयुरान, मर्काना, सदातेन, एन्झिकर्मे, ताना आणि सराका, जिथे जिथे झरा किंवा विहीर होती तिथे तिथे पहारे बसवले. त्यांच्या जीवाचे पाणी मी अडवले, असे राजा म्हणतो. माणसे तहानेने मरू लागली. जी उरली त्यांनी आपल्या स्वारीचे उंट चिरले आणि त्यांचे रक्त व पोटातले घाण पाणी प्यायले.

वशिंडात पाणी असते ही समजूत चुकीची. तिथे चरबी असते. पोटात असतो तो अर्धवट पचलेला चारा आणि खारट द्रव. तहानेने व्याकूळ माणसाला त्यावर एखादा दिवस काढता येतो. पण त्यासाठी उंट मारावा लागतो, आणि उंट मारला की स्वार पायदळ होतो. लजाच्या त्या दगडांत, श्रावणाच्या उन्हात, शेकडो मैलांवर पसरलेली त्यांची ताकद त्यांनी स्वतःच्या सुऱ्यांनी संपवली. अश्शुरी तिरंदाजांनी मारलेले उंट यापुढे किती, हा प्रश्न गौण आहे.

त्यानंतर

अयामूची निनेव्हेत जिवंत कातडी सोलली. पुढे हाती लागलेल्या उएतेच्या जबड्याला भोक पाडून दोरी ओवली, गळ्यात कुत्र्याचा पट्टा घातला आणि शहराच्या पूर्व दरवाजावर त्याला राखणीला बांधले. या शिक्षांचे वर्णन करताना राजाला लाज वाटत नाही. उलट ते सगळ्यांनी वाचावे अशी त्याची इच्छा आहे.

लुटीत इतके उंट आले की वेशीवरच्या बाजारात ते शेकेल-अर्ध्या शेकेल चांदीला जाऊ लागले. शेकेल म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम. कलालणीला भेट म्हणून, बिअर गाळणाऱ्याला एका घड्याच्या बदल्यात, माळ्याला भाजीच्या जुडीपोटी उंट आणि माणसे मिळाली, असे मजकुरात आहे. उंटांबरोबर माणसेही त्याच भावात वाटली गेली. वाळवंटात उरलेल्यांवर शपथभंगाचे शाप फळले, असे पुढे येते. उंटांची पिले, शिंगरे, वासरे, कोकरे सात-सात वेळा आईला लुचत, तरी पोट भरेल इतके दूध मिळत नसे. ही ओळ शापांच्या ठरीव भाषेतली आहे. तरी दूध आटलेला कळप ही पाणवठे हिसकावलेल्या टोळीची खरीखुरी अवस्था आहे, आणि दुधावर जगणाऱ्या लोकांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको.

अश्शूरने मोहीम जिंकली, पण वाळवंट ताब्यात घेतले नाही. घेणे शक्यही नव्हते. विहिरींवर बसवलेले पहारेकरी कायम तिथे ठेवायचे तर त्यांनाही रसद हवी आणि ती वाहायला पुन्हा अरबांचेच उंट हवेत. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेव्हे जळाले. केदार त्यानंतरही होते. इराणी बादशहांनी मग वेगळा मार्ग धरला. कंबुजियाने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्तवर जाताना आधी अरबांच्या राजाशी करार केला आणि त्या राजाने पाण्याच्या पखाली उंटांवर लादून वाळवंटात फौजेची वाट पाहिली. इ.स.पू. ४८० मध्ये झर्कसिसाच्या सैन्यातले अरब उंटस्वार घोडदळाच्या मागे ठेवले होते, घोडे बुजू नयेत म्हणून. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे अरबांवर इराणचा कर नव्हता. ते दरवर्षी १,००० टॅलंट (वजनाचे जुने माप) लोबान भेट म्हणून पाठवत.